‘अशक्य’ म्हणणाऱ्यांकडे हिशोब मागा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. वय ४१, दिवसभर बैठं काम. गेले आठ महिने आठवड्यातून तीनदा धावता, ५ किलोमीटरला ३८ मिनिटं लागतात. वर्षभरात फुल मॅरेथॉन ४ तासांच्या आत पुरी करायची असं मनाशी धरलंय. धावण्याच्या ग्रुपमधले अनुभवी लोक हसले, भाऊ म्हणाला वेड लागलंय, नवऱ्याला गुडघ्यांची काळजी. एवढे सगळे ‘अशक्य आहे’ म्हणत असताना मनोबल कसं टिकवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी हौशी धावपटूंना लांब पल्ल्यासाठी तयार करतो, बरीच वर्षं झाली. मनोबलाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा खरी अडचण वेगळीच असते. मनोबल कमी पडलं म्हणून घरी बसलेले लोक मी फार पाहिले नाहीत. मनोबल ओसंडून वाहत होतं आणि तिसऱ्या महिन्यात नडगी धरून बसले, असे मात्र पुष्कळ पाहिले. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: हे सगळे म्हणतात ते खरं आहे का, हे तपासायचं कसं? आणि तपासून होईपर्यंत करायचं काय?

‘अशक्य’ हा निकाल आहे. त्याच्यामागे कुठला तरी हिशोब असतो, कधी बोलून दाखवलेला, कधी नुसता गृहीत धरलेला. निकालाशी भांडण्यात अर्थ नाही, हिशोब मागावा. काय जमणार नाही म्हणता? ४२.१९५ किलोमीटर अंतर? ४ तास ही वेळ? की एक वर्ष ही मुदत? तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात. हसणाऱ्याला स्वतःलाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं की आपण यातल्या कशाला हसलो.

मग तुमचा हिशोब आपणच करू. पीट रीगल नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९७७ साली एक साधं सूत्र मांडलं, ते आजही बहुतेक प्रशिक्षक वापरतात. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडी जास्त, साधारण २.०८ पट होते. म्हणजे एका अंतराची वेळ ठाऊक असेल तर दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. ५ किलोमीटरवरून मॅरेथॉनला जाताना वेळेला साधारण ९.६ ने गुणायचं. तुमच्या ३८ मिनिटांचे होतात ६ तास ५ मिनिटांच्या आसपास. आता उलटं करा. ४ तासांत मॅरेथॉन म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, न थांबता. त्या माणसाची हाफ मॅरेथॉन साधारण १ तास ५५ मिनिटांत व्हायला हवी, १० किलोमीटर ५२ मिनिटांत आणि ५ किलोमीटर २५ मिनिटांत.

हे सूत्र नवख्यांच्या बाबतीत जरा उदारच असतं. लांब पल्ल्याची सवय नसेल तर प्रत्यक्षात वेळ अंदाजापेक्षा जास्त लागते, कमी नाही. तरी त्यातून एक मोलाची गोष्ट मिळते. ‘अशक्य’ या धूसर शब्दाच्या जागी तुमच्याकडे आता एक मोजता येणारं अंतर आलं: ३८ मिनिटांवरून २५ वर यायचं आहे. ही तेरा मिनिटं वर्षात कमी होतील का? माझ्या मते नाही. अपवाद असतात, पण अपवादावर आराखडा बांधू नये. तीन वर्षांत होतील का? ते मात्र उघडं आहे. तुमच्याएवढ्या वयाच्या, याच वेगापासून सुरुवात केलेल्या बायका तिथवर पोचलेल्या मी पाहिल्या आहेत. काही पोचल्या नाहीत, तेही पाहिलं आहे.

म्हणजे तुमच्या ग्रुपमधले लोक मुदतीबद्दल बरोबर आहेत आणि ‘अशक्य’ या शब्दाबद्दल चूक. माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक ध्येयांचं हेच निघतं. ध्येय खोटं नसतं, त्यावरची तारीख खोटी असते. आणि गंमत म्हणजे ती तारीख बहुधा ज्याने ध्येय ठरवलं त्यानेच घातलेली असते. ‘एका वर्षात’ हे तुम्ही का ठरवलंत? वाढदिवस, नवं वर्ष, की एखादी स्पर्धा ठराविक दिवशी आहे म्हणून? तारखेला त्यापलीकडे काही आधार नसेल तर ती बदलायला लाजू नका.

हिशोब मागा असं म्हणतो, कारण तज्ज्ञांचा हिशोबही चुकू शकतो, आणि तो कुठे चुकतो ते पाहण्यासारखं असतं. एव्हरेस्टचं उदाहरण घ्या. बाटलीतला ऑक्सिजन न वापरता शिखर गाठता येणार नाही, असं शरीरशास्त्राच्या बऱ्याच अभ्यासकांना वाटत होतं, आणि ते काही हवेत बोलत नव्हते. उंचीनुसार हवेचा दाब किती उतरतो याचं प्रमाणित सूत्र होतं. त्याप्रमाणे शिखरावर दाब पाऱ्याच्या सुमारे २३६ मिलिमीटर यायला हवा. एवढ्या विरळ हवेत फुफ्फुसांना जेवढा ऑक्सिजन मिळेल तो जवळजवळ सगळा नुसतं जिवंत राहण्यातच खर्ची पडेल, चढायला उरणार काय? ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेस्नर आणि पीटर हाबेलर हे गिर्यारोहक बाटलीतल्या ऑक्सिजनशिवायच वर गेले आणि परत आले. पुढे १९८१ साली एका वैद्यकीय मोहिमेने थेट शिखरावर दाब मोजला, तो २५३ मिलिमीटर भरला. विषुववृत्ताकडच्या भागात वातावरणाचा थर जाड असतो, त्यामुळे एव्हरेस्टवरचा दाब सूत्रापेक्षा जास्त निघतो. हिशोबाची रीत बरोबर होती, त्यात घातलेला एक आकडा चुकला होता. सतरा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या उंचीवर माणूस चढणार की बसणार हे तेवढ्यावर ठरतं.

शिवाय पुरावा अर्धा हाताशी होताच. १९२४ साली ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन ऑक्सिजनशिवाय साधारण ८,५७० मीटरपर्यंत गेले होते, शिखराच्या तीनशे मीटर खाली. ज्याला लोक अशक्य म्हणतात त्याच्या जवळपास कोणी आधी पोचलंय का, हे शोधणं म्हणूनच फार कामाचं असतं. पुढे कोणी गेलं नाही याची कारणं बघावीत. ती शरीराची आहेत, की हवामान, पैसा, वेळ, परवानगी अशी आहेत?

चार मिनिटांच्या आत मैल धावण्याची गोष्ट याच नजरेने पाहिली तर वेगळीच दिसते. तुम्ही ती प्रेरणादायी भाषणांतून ऐकली असेल: सगळं जग अशक्य म्हणत होतं, इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टरने विश्वास ठेवला, भिंत फोडली, आणि भिंत मनातलीच असल्यामुळे मग सगळेच धावले. मला ती गोष्ट या रूपात अजिबात आवडत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की नुसता विश्वास ठेवला की झालं. १९४५ सालीच स्वीडनच्या गुंडर हेगने मैल ४ मिनिटं १.४ सेकंदांत पार केला होता. म्हणजे १६०९ मीटरमध्ये जेमतेम दहा मीटर कमी पडले. त्यानंतर हेग आणि त्याचा प्रतिस्पर्धी आर्ने अँडरसन या दोघांवर पैसे घेतल्याच्या कारणावरून हौशी स्पर्धांत उतरायला बंदी आली. ज्या दोघांनी एकमेकांना ढकलत तो विक्रम खाली आणला तेच बाहेर, आणि युरोप युद्धातून नुकता उठत होता. विक्रम नऊ वर्षं तिथेच राहिला यात मनातल्या भिंतीपेक्षा या गोष्टींचा वाटा मोठा होता.

बॅनिस्टर वैद्यकीचा विद्यार्थी. दुपारच्या सुट्टीत जाऊन पाव मैलाच्या दहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. सुरुवातीला एक फेरी ६६ सेकंदांत, मग हळूहळू खाली. पाव मैलाला ६० सेकंद म्हणजे मैलाला ४ मिनिटं, एवढा उघड हिशोब. गाडी ६१ वर येऊन अडकली, काही केल्या पुढे जाईना. तेव्हा तो सराव सोडून मित्राबरोबर स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला, परत आला आणि फेरी ५९ वर आली. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या मैदानावर दोन मित्रांनी आळीपाळीने पुढे धावून वेग सांभाळला आणि त्याने ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल संपवला. ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने तो विक्रम मोडला, हे भाषणात हमखास सांगतात. लँडी त्याआधी दीड वर्ष ४ मिनिटं २ सेकंदांच्या आसपास घुटमळत होता आणि ज्या शर्यतीत त्याने विक्रम मोडला ती फिनलंडच्या उत्तम ट्रॅकवर होती, हे कोणी सांगत नाही. बॅनिस्टरचा वेग सांभाळणाऱ्या मित्रांपैकी ख्रिस चॅटवे त्या दिवशी लँडीच्या मागे लागलेला होता, हेही नाही. विश्वासाची किंमत मी कमी करत नाही. पण विश्वास त्यांना ६६, ६१, ५९ अशा आकड्यांतून आला. आधी विश्वास आणि मग आकडे, असं माझ्या कामात मी क्वचितच पाहिलंय.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या बाबतीत बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मला त्यातलं थोडंच ठाऊक आहे. रात्री झोप किती होते? आठवड्यात खरोखर किती तास हाती लागतात? आधी कधी खेळला होता का? शाळेत खेळलेल्या माणसाचं शरीर चाळिशीतही काही गोष्टी लवकर आठवतं. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा तपासलाय का? बायकांमध्ये हा साठा कमी असणं फार आढळतं आणि मग कितीही सराव करा, पाय जड ते जडच. माझ्याकडे आलेल्या किमान दोघीजणी स्वतःला आळशी समजत होत्या आणि प्रत्यक्षात त्यांना लोह कमी पडत होतं. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या स्नायूंचा त्रास राहिला असेल तर त्यावर आधी उपचार घ्या, तो धावून जात नाही. छातीत दुखणं, धावताना चक्कर येऊन पडणं, घरात कोणी कमी वयात अचानक हृदयविकाराने जाणं, यातलं काही असेल तर पहिलं पाऊल डॉक्टरांकडे. डॉक्टरांचा नकार आणि ग्रुपमधल्या हसण्याचा नकार एकाच टोपलीत टाकू नका. डॉक्टरांनाही हिशोब विचारा, पण त्यांचं उत्तर ऐका.

तारीख बदला असं मी सांगतोय त्याचं मुख्य कारण शरीराच्या वेगवेगळ्या भागांचा वेग वेगवेगळा असतो. सराव सुरू केल्यावर रक्तातला द्रव पहिल्या एकदोन आठवड्यांतच वाढतो. दम काही आठवड्यांत सुधारतो. स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं वाढायला महिने लागतात. स्नायुबंध आणि हाडं मात्र सगळ्यात सावकाश तयार होतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक फसवा काळ येतो. दम म्हणतो पळ, नडगी म्हणते थांब, आणि माणूस दमाचं ऐकतो. जिद्दी लोक नेमके इथेच मोडतात. ज्यांना कोणाला काही दाखवून द्यायचं असतं ते तर हमखास.

आणि त्याहून सावकाश चालणारी एक गोष्ट आहे: त्याच वेगाला कमी ऑक्सिजन पुरणं. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ हिची प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं मोजमापं झाली होती. तिची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता विशीच्या आधीपासून साधारण तेवढीच राहिली, फारशी वाढली नाही. पण ठराविक वेगाला लागणारा ऑक्सिजन दहा-अकरा वर्षांत सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाला, आणि २००३ मध्ये तिने लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांची मॅरेथॉन धावली. तुम्ही-आम्ही तिच्या जवळपासही नाही, पण शरीराचा नियम तोच. काही फायदे नुसते किलोमीटर आणि वर्षं साचल्यावरच मिळतात. ते घाईने विकत घेता येत नाहीत.

जिथे निसर्गाने खरोखरच मर्यादा घातलीय अशी एक जागाही दाखवतो, म्हणजे सगळं मनावर नसतं हे पटेल. धावायला दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला मॅरेथॉनला सुमारे २,७०० लागतील. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर साधारण २,००० किलोकॅलरींची असते. चरबीही जळते, पण वेग वाढला की शरीर साखरेकडे जास्त वळतं. म्हणूनच ३० किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात आणि तिथे इच्छाशक्ती ओतून भागत नाही. मार्ग दोन: सरावाने शरीराला चरबी जास्त जाळायची सवय लावायची, आणि धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात घालत राहायचं, तेही सरावाच्या दिवसांत पोटाला सवय लावून. मर्यादा मान्य केली की तिला वळसा घालता येतो. नाकारली की ती ३२ व्या किलोमीटरला गाठते.

मग करायचं काय, ते सांगतो. मी तुमच्या जागी असतो तर ध्येय तेच ठेवून त्याच्या वाटेवर तीन दारं बसवली असती. पहिलं दार वर्षाअखेर: ५ किलोमीटर ३१ मिनिटांत, आणि एक फुल मॅरेथॉन वेळेची पर्वा न करता पूर्ण. सूत्राने तिची वेळ ४ तास ५७ मिनिटं येईल, प्रत्यक्षात सव्वापाच झाले तरी उत्तम. दुसरं दार दुसऱ्या वर्षाअखेर: ५ किलोमीटर साडेसत्तावीस मिनिटांत, मॅरेथॉन साडेचारच्या आसपास. तिसरं: २५ मिनिटं, आणि तेव्हा ४ तासांचा प्रयत्न. पहिल्या वर्षात आठवड्याचे किलोमीटर पंधरावरून हळूहळू चाळीसपर्यंत न्यायचे, दर तीन आठवडे वाढवले की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचे. बहुतेक धावणं एवढं सावकाश की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता यावं. आठवड्यातून एकदाच जोरात. दोनदा पायांची ताकद वाढवणारा व्यायाम, विशेषतः पोटऱ्या आणि मांड्या. सगळ्यात लांबचं धावणं तीन-साडेतीन तासांच्या पुढे नेऊ नका, त्यापुढे मिळतं कमी आणि मोडतं जास्त.

यातलं सगळ्यात अवघड कुठलं, विचाराल तर सावकाश धावणं. माझ्याकडे एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते, वजन बरंच, त्यांनाही लोकांनी हेच सांगितलं होतं. त्यांना मी घड्याळात नाडीची हद्द लावून दिली: १४० च्या वर गेली की बीप, बीप वाजली की चालायचं. एक वही करायला लावली. तेच अंतर, तीच नाडी, वेळ किती लागली, आणि शेवटी शेरा. पहिल्या महिन्यातले शेरे वाचण्यासारखे आहेत. ‘बीप. चाललो. बीप. चाललो. बीप.’ एके दिवशी नुसतं ‘लाज वाटली’. दुसऱ्या दिवशी ‘एक आजी चालत पुढे गेल्या’. वेळेचा रकाना मात्र आठवड्यागणिक थोडाथोडा खाली येत होता, त्यांच्या लक्षातही न येता. मग एका पानावर शेरा आला: ‘दम लागला नाही, नुसता कंटाळा आला.’ मी त्याच्याभोवती लाल गोल काढला. त्यांना वाटलं मी रागावलो. तीच नाडी आणि वाढलेला वेग, यापेक्षा प्रामाणिक पुरावा मला ठाऊक नाही. तो कोणाच्या मतावर अवलंबून नाही, तुमच्याही नाही.

लोकांचं काय करायचं, ते आता. नाही म्हणणाऱ्यांत तीन तऱ्हेचे लोक असतात आणि त्यांना एकच उत्तर देऊन चालत नाही. ज्याने हे स्वतः केलंय त्याचा नकार मौल्यवान असतो, त्याच्याजवळ बसून विचारावं की तुला कुठला आकडा खटकतोय. घरच्यांचा नकार बहुतेक वेळा काळजीचा असतो. त्यांना ४ तासांशी देणंघेणं नसतं, तुम्ही धडधाकट राहाल ना एवढंच हवं असतं. नवऱ्याला सांगा की हौशी धावण्याने निरोगी गुडघे झिजतात याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. किलोमीटर घाईने वाढवले तर दुखापत होते हे मात्र खरं आहे, म्हणून आपण घाई करत नाही आहोत. तारीख पुढे नेल्याचं ऐकून निम्मी काळजी जाईल. तिसरे लोक म्हणजे ज्यांना तुमच्या ध्येयाने आपलं काही न केलेलं आठवतं. त्यांना उत्तर देऊ नका, आणि त्यांना दाखवून द्यायचं म्हणूनही धावू नका. ‘दाखवून देते’ हे इंधन जोरात पेटतं, पण ते विश्रांतीच्या दिवशी माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आजारी असताना धावायला लावतं, कारण थांबलं तर ‘ते’ हसतील. म्हणून ध्येय जितक्या कमी लोकांना सांगाल तितकं बरं. दोन माणसं पुरेत.

बायकांच्या बाबतीत ‘अशक्य’ जरा जास्तच सहज उच्चारला जातो, ते तुम्हाला मी सांगायला नको. १९२५ मध्ये अमेरिकेची जलतरणपटू गर्ट्रूड एडर्ली हिने इंग्लिश खाडी पोहायचा प्रयत्न केला, तेव्हा प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून तिला पाण्यातून बाहेर काढलं. ती पुढच्या वर्षी परत आली, पण तशीच आली नाही. प्रशिक्षक बदलला. नवा प्रशिक्षक बिल बर्जेस स्वतः ती खाडी पोहून गेलेला, अनेकदा हरल्यावर १९११ मध्ये, त्यामुळे तिथल्या भरती-ओहोटीचा जाणता. तिने गॉगलच्या कडा मेणाने बंद केल्या, खारं पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. ६ ऑगस्ट १९२६ ला ती साधारण साडेचौदा तासांत पार गेली. तोवरचा पुरुषांतला सर्वोत्तम वेळ साडेसोळा तासांचा होता. मला तिच्या धैर्यापेक्षा त्या मेणाचं अप्रूप वाटतं. पहिल्यांदा जे चुकलं ते तिने सुट्टं काढून एकेक करून दुरुस्त केलं.

एक अप्रिय भाग राहिला. अशा गोष्टींत आपण फक्त पोचलेल्यांचं ऐकतो. चिकाटी धरून न पोचलेल्यांना कोणी बोलवत नाही. मी दोघांनाही पाहतो, म्हणून आग्रहाने सांगतो की थांबायचा नियम आत्ताच, डोकं थंड असताना लिहून ठेवा. माझा नियम असा: दर तीन महिन्यांनी ५ किलोमीटर वेळ लावून धावायचं. सराव न चुकता झालाय आणि तरीही लागोपाठ दोन वेळा आकडा हलला नाही, तर आधी झोप, लोह, आहार तपासायचा, मग सरावाची पद्धत बदलायची, मग तारीख. ध्येय शेवटी. पण एकाच जागची दुखापत तिसऱ्यांदा झाली तर ध्येयच बदलायचं, निदान काही काळ. कोणी सांगितलं म्हणून नाही, आपल्या वहीने सांगितलं म्हणून. नियम आधी लिहिलेला असला की थांबताना हरल्यासारखं वाटत नाही, आणि चालू ठेवताना हट्टीपणा करतोय की काय ही शंका खात नाही. मनोबल म्हणून तुम्ही जे विचारलंत ते माझ्या अनुभवात मुख्यतः एवढंच असतं: रोज नव्याने निर्णय घ्यावा न लागणं.

तुमच्या बाबतीत तिसऱ्या दारापाशी काय होईल हे मी सांगू शकत नाही. पहिलं दार तुमच्या आवाक्यात आहे असं मला वाटतं. दुसरं पार झालं की तिसऱ्याबद्दल आत्तापेक्षा कितीतरी चांगला अंदाज बांधता येईल, तेव्हा आज त्यावर वाद घालण्यात हशील नाही.

या आठवड्यात तीन कामं करा. रक्ततपासणी करून घ्या, हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठाही बघायला सांगा. एक सपाट, नेहमी मोकळा असणारा रस्ता किंवा ट्रॅक ठरवा, तिथे ३ किलोमीटर बोलता येईल अशा वेगाने धावा, नाडी आणि वेळ लिहा. पुढची सगळी तुलना त्याच जागी, त्याच नाडीला होईल. आणि ग्रुपमधले जे सगळ्यात अनुभवी गृहस्थ हसले, त्यांना विचारा की रविवारचा लांबचा पल्ला ते कुठल्या वेगाने करतात. त्या वेगात तुम्हालाही बोलता येत असेल तर पहिली तीस-चाळीस मिनिटं त्यांच्यासोबत जा. वाटेत त्यांना ४ तासांबद्दल काही बोलू नका, पाणी कधी पितात आणि बूट किती किलोमीटरनंतर बदलतात ते विचारा.